कोणता योग कोणाला? (लेखमाला, भाग ५)

गेल्या चार आठवड्यांत आसन, प्राणायाम, शुद्धिक्रिया आणि ध्यान यांची ओळख झाली. आता खरोखर अडणारा प्रश्न घेऊ: इतक्या पद्धतींतून मी कोणती धरू?

हा प्रश्न मी मुद्दाम केळशीत नेऊन ठेवते आहे. दापोली तालुक्याच्या उत्तरेला, भारजेच्या मुखाशी वसलेलं हे गाव. अशा गावात भातलावणीला दिवसभर चिखलात वाकलेली बाई असते, माडावर चढणारा पाडेली असतो आणि उभी नोकरी मुंबईत खुर्चीत बसून काढल्यावर निवृत्तीनंतर घर उघडायला आलेले काकाही असतात. या तिघांना एकच पद्धत सांगणं मला अन्यायाचं वाटतं. आधी विचारायचं ते हे, की तुमचं अंग दिवसभर काय करतं? दिवस जे देत नाही, ते योगाने द्यावं.

पद्धती घडल्याच मुळी वेगवेगळ्या शरीरांतून. म्हैसूरच्या राजवाड्यातल्या योगशाळेत टी. कृष्णम्माचार्य शिकवत. त्यांचे शिष्य पट्टाभि जोइस यांनी पुढे अष्टांग विन्यास रुजवला: श्वासाच्या तालावर एका आसनातून दुसऱ्यात जाणारा, घाम काढणारा क्रम. दुसरे शिष्य बी. के. एस. अय्यंगार यांचा जन्म १९१८चा. लहानपणी क्षय, हिवताप, विषमज्वर यांनी ते खंगलेले होते. १९३७ साली पुण्यात शिकवायला आले तेव्हा विशीही उलटली नव्हती आणि गुरू जवळ नव्हते. स्वतःच्याच अंगावर तासन्‌तास प्रयोग करत त्यांनी आसनात स्थिर थांबणं आणि प्रत्येक सांध्याची नेमकी ठेवण शोधली. ज्याला आसन जमत नाही त्याला भिंत, दोर, पट्टा, खुर्ची यांचा आधार दिला. १९७५ साली पुण्यात त्यांची संस्था उभी राहिली. गुरू एकच, तरी वाटा इतक्या लांब गेल्या.

लोणावळ्याची वाट आणखी निराळी. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ त्रैमासिक काढलं. नौली ही शुद्धिक्रिया करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी दाबमापक लावून दाखवलं आणि त्या निर्वाताला आपले गुरू माधवदासजी यांचं नाव दिलं. श्रद्धा आणि मोजमाप एकाच माणसात इतक्या सहज नांदलेली पाहिली की मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो. त्यांच्या पद्धतीतली आसनं संथ असतात. झटका नाही, ओढाताण नाही.

औंधच्या पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांतून रुजवलेले सूर्यनमस्कार आपल्या सगळ्यांच्या परिचयाचे आहेत. मुंगेरच्या स्वामी सत्यानंदांची परंपरा मात्र गावात कमी ठाऊक असते. तिच्यातली पवनमुक्तासनांची मालिका पायांच्या बोटांपासून मानेपर्यंत एकेक सांधा मोकळा करते, आणि योगनिद्रा तर पडल्या पडल्या करायची.

आता केळशीकडे वळू. लावणीहून आलेल्या बाईला कोणी सूर्यनमस्कार घालायला सांगितले, तर प्रत्येक नमस्कारात ती पुन्हा दोनदा पुढे वाकणार. तिची कंबर दिवसभर तेच करून आलेली असते. तिला कैवल्यधामच्या धाटणीचं हलकं भुजंगासन, भिंतीला पाय टेकून पडणं आणि योगनिद्रा द्यावी. अगदी दहा मिनिटं मिळाली तरी. पाडेल्याकडे ताकद भरपूर असते, पण झाडाला मिठी मारून मारून खांदे पुढे आखडतात. त्याला अय्यंगार पद्धतीचं सावकाश छाती उघडणं मानवेल. काकांनी पवनमुक्तासनांपासून सुरुवात करावी, मग खुर्चीचा आधार घ्यावा. विन्यास आणि भराभर नमस्कार शाळकरी पोरांना द्या, त्यांना ते हवेच असतात.

आधाराची साधनं विकत आणावी लागतात असं नाही. पडवीचा खांब, जड बाकडं, जुन्या लुगड्याची घट्ट घडी, सतरंजी एवढ्यावर बरंच काम भागतं. खिडकीचे गज दोरासाठी सोयीचे दिसतात, पण समुद्राच्या खाऱ्या हवेने लोखंड आतून पोखरलेलं असतं. ते नीट तपासल्याशिवाय अंगाचा भार त्यावर टाकू नका.

एका गोष्टीत मी तडजोड करणार नाही. सुरुवातीचे काही आठवडे जाणत्या माणसासमोर करा, त्यासाठी दापोलीला जावं लागलं तरी. मोबाईलवरचा व्हिडिओ क्रम आठवून द्यायला चांगला आहे, पण तुमचा गुडघा आत वळतोय हे त्याला दिसत नाही. रक्तदाब, काचबिंदू किंवा मानेचा त्रास असेल तर शीर्षासन नको. रक्तदाब, हर्निया किंवा गरोदरपण असेल तर जोराची कपालभाती नको. डॉक्टरांना विचारण्यात कमीपणा नाही.

धरलेली पद्धत निदान दीड-दोन महिने बदलू नये. त्या काळात रोज दुपारी, काम ऐन भरात असताना, कंबर आणि श्वास कसा आहे ते पाहावं. आसन संपल्या संपल्या सगळ्यांनाच बरं वाटतं, त्यावरून काही ठरत नाही. दुपारची कंबर हलकी राहू लागली तर पद्धत मानवली. ठणका वाढला तर शिक्षकाला सांगून क्रम बदलून घ्यावा.

पुढच्या भागात पावसाळ्यातला प्राणायाम: कोंदट, दमट हवेत दम्याच्या माणसाने काय करावं आणि काय टाळावं.