डोळ्याभोवतीच्या गाठी आणि लेसरचा उपचार



रावेर भागातील एका भगिनीने पापणीवरचा चामखीळ घालवण्यासाठी चुना-सोडा लावला आणि डोळा सुजवून घेतला, ही हकीकत गट ऑफिसवर आमच्या कानी आली. चुना लागतो तो कारखान्यात उसाचा रस निवळायला, पापणीला नव्हे! तो डोळ्यात गेला तर बुबुळ कायमचे पांढरे पडू शकते. गेलाच, तर स्वच्छ पाण्याची धार निदान अर्धा तास धरावी व तसेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघावे. बिब्बाही पापणीजवळ नेऊ नये.

या गाठी बहुधा निरुपद्रवी असतात. खालच्या पापणीखाली कातडीच्याच रंगाच्या बारीक पुटकुळ्या येतात, त्यांना सिरिंगोमा म्हणतात. घामाच्या नळ्यांतून त्या उद्भवतात, बायकांत जास्त. त्या नाही काढल्या तरी काही बिघडत नाही; त्यासाठी ऊसबिलावर उचल घेऊ नये, असे आमचे मत आहे. बाजरीच्या कणीसारखे पांढरे दाणे असतील तर डॉक्टर सुईनेच काढून देतात.

नाकाकडच्या कोपऱ्यातले पिवळट, चपटे चट्टे मात्र वेगळे. ती कातडीत साठलेली चरबी होय. असे चट्टे असणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या रक्तात चरबीचे प्रमाण बिघडलेले सापडते. म्हणून आधी रक्त तपासून घ्यावे. चट्टा गेला म्हणजे रक्तातली चरबी गेली, असे होत नाही.

आता लेसरचे. या कामी बरेचदा वापरतात तो कार्बन डायऑक्साइड लेसर १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी शोधून काढला. त्यांचा जन्म १९३८ चा, बारामतीचा. पदवी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची. साखरपट्ट्यातला माणूस म्हणून मुद्दाम सांगितले. या लेसरचा किरण डोळ्यांना दिसत नाही. कातडीतले पाणी तो शोषून घेते, क्षणात त्याची वाफ होते आणि गाठ थराथराने उडून जाते. तोच किरण बुबुळही भाजू शकतो, म्हणून जागा बधिर करून डोळ्यावर धातूची वाटी बसवतात. ती न बसवता पापणीवर किरण मारू पाहणाऱ्याकडून सरळ उठून यावे.

खपली साधारण आठवड्याभरात पडते. पुढे काही महिने ऊन सांभाळावे, कारण आपल्या सावळ्या कातडीवर काळे डाग राहतात, आणि खानदेशचे ऊन सर्वांना ठाऊकच आहे. गाठी पुन्हा येऊही शकतात. मुळापर्यंत खोल जाळले तर व्रण राहतो, पापणी ओढली जाते. म्हणून जाणता डॉक्टर हात राखूनच काम करतो.

गाठीतून रक्त येत असेल, जखम भरत नसेल, गाठ भराभर वाढत असेल किंवा तिथल्या पापणीचे केस गळत असतील, तर लेसर करून घेऊ नये. ती कर्करोगाची असू शकते, आणि तिची वाफ झाली की तपासायला काही उरत नाही. अशा वेळी तुकडा काढून तपासणीला पाठवावा लागतो. हे ब्यूटी पार्लरचे काम नव्हे. तालुक्याला सोय नसेल तर जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन केसपेपर काढावा.