केबलविना फोन संगणकाला जोडताना : सोय आणि सावधगिरी

सूरतहून मुंबईकडे येताना सचिन हे स्थानक लागते. भोवती मोठी औद्योगिक वसाहत आहे, आणि सूरत परिसरात खानदेशातून गेलेली मराठी कुटुंबेही बरीच आहेत. अशा वसाहतीत एखादा तरुण कापडाच्या ताग्यांची नोंद ठेवणारे अ‍ॅप लिहीत आहे, अशी कल्पना करा. अ‍ॅप लिहिले जाते संगणकावर, चालते मात्र फोनवर. ते कोठे अडखळते हे पाहायचे, तर दोन्ही जोडावे लागतात. फोन यंत्रापाशी, संगणक कार्यालयात, आणि सुताच्या धुळीने भरलेल्या चार्जिंगच्या खाचेत केबल नीट बसत नाही. आपल्या वेर्ण्यातील कारखान्यातही हीच अडचण येऊ शकते.

यावर उपाय म्हणजे वायरलेस डीबगिंग. पूर्वी त्यासाठीही आधी एकदा केबल लावून फोनला ५५५५ क्रमांकाच्या पोर्टवर संगणकाची वाट पाहण्याची आज्ञा द्यावी लागे. २०२० साली आलेल्या अँड्रॉइड ११ पासून ही गरज उरली नाही. फोनच्या माहितीत ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा बोट टेकवले की डेव्हलपर पर्याय खुले होतात. (सातच वेळा का, हे विचारू नये.) तेथे वायरलेस डीबगिंग सुरू करून कोडने जोडणीचा पर्याय निवडला, की सहा अंकी कोड आणि एक पत्ता दिसतो. संगणकावर ‘एडीबी पेअर’ या आज्ञेपुढे तो पत्ता लिहून कोड द्यायचा.

नवखे बहुधा यापुढेच अडतात. ‘पेअर’ झाले म्हणजे जोडणी झाली असे नव्हे. ती केवळ ओळख असते. त्यानंतर ‘एडीबी कनेक्ट’ ही आज्ञा द्यावी लागते आणि तिच्यासाठीचा पोर्ट क्रमांक वेगळा असतो. तो कोडच्या चौकटीत नव्हे, तर वायरलेस डीबगिंगच्या मुख्य पानावर दिसतो. तरीही जमले नाही, तर दोन्ही साधने एकाच वायफायवर आहेत का, ते पाहावे. वसतिगृहे व उपाहारगृहांतील वायफाय पुष्कळदा जोडलेल्या साधनांना परस्परांशी बोलूच देत नाही. तेव्हा दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट कामी येतो.

ही सोय साधी नाही. जोडलेला संगणक फोनवर अ‍ॅप बसवू शकतो, पडद्याचे चित्र घेऊ शकतो, साठवलेल्या फाइली उचलू शकतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘एडीबी.माइनर’ नावाचा किडा ५५५५ पोर्ट उघडे राहिलेल्या फोनांत आणि टीव्हीच्या पेट्यांत शिरला व त्यांच्याकडून आभासी चलनाचे उत्खनन करून घेऊ लागला. नव्या पद्धतीतील कोडमुळे हा मार्ग बराच अरुंद झाला आहे. पण तो कोड फोनवरून कोणी मागितला आणि आपण सांगितला, तर ते कुलूप व्यर्थ. ओटीपीइतकाच तो जपायला हवा. डेव्हलपर पर्याय खुले असताना काही बँकांची अ‍ॅप चालण्यास नकार देतात, त्यामागेही हीच भीती आहे.

काम संपताच वायरलेस डीबगिंग बंद करावे. त्याच पानावर जोडलेल्या संगणकांची यादी असते. ओळखीचा नसलेला प्रत्येक संगणक तेथून काढून टाकावा. दुरुस्तीला दिलेला फोन परत आल्यावरही ही यादी एकदा पाहावी.