टॉमकॅट सर्व्हर: झिप उतरवायची की पॅकेज टाकायचं?

फेब्रुवारी 2020 मध्ये 'घोस्टकॅट' नावाची त्रुटी उघड झाली आणि जावाच्या वेबसाइट्स चालवणारा अपाचे टॉमकॅट सर्व्हर अडचणीत आला. 8009 नंबरचा पोर्ट मुळातच उघडा असायचा. बाहेरून तिथवर पोचता आलं, तर वेब अ‍ॅपच्या सेटिंग्जच्या फाइल्स परक्याला वाचता यायच्या. त्यात पासवर्ड असले तर तेही गेले!

टॉमकॅटने दुरुस्त आवृत्त्या काढल्या. पण ज्यांनी झिप उतरवून एखाद्या फोल्डरमध्ये सोडली होती, त्यांच्या मशीनला त्याचा पत्ताच नाही. कुठे कोणती आवृत्ती चालते, हे फक्त अ‍ॅडमिनला ठाऊक. तो नोकरी सोडून गेला की संपलं.

डेबियन लिनक्समध्ये टॉमकॅटचं तयार पॅकेज मिळतं. ते सेटिंग्ज आणि लॉग ठरलेल्या जागी ठेवतं, टॉमकॅटसाठी कमी अधिकारांचा वेगळा युजर बनवतं. मुख्य म्हणजे मशीनकडे त्याची नोंद राहते, त्यामुळे नेहमीच्या अपडेटमधूनच दुरुस्ती येते. तुम्ही बदललेल्या सेटिंग्जही न विचारता पुसल्या जात नाहीत.

फक्त आवृत्ती डेबियन ठरवतं. डेबियन 12 मध्ये टॉमकॅट 10 आला. त्यात कोडमधली 'जावाएक्स' नावं 'जकार्ता' झाल्याने 9 वरची जुनी अ‍ॅप्स जशीच्या तशी चालत नाहीत. अशांना झिपच उतरवावी लागते, आणि अपडेटची आठवणही स्वतःच ठेवावी लागते.