शेताच्या बांधावरचा कॅमेरा

हिरवेंगार शेत, बांधावर एखादें वांकलेलें झाड, पाठमोरा औत हांकणारा शेतकरी आणि वर ढगांची दाटी, असें छायाचित्र दिनदर्शिकेवर पाहिलें म्हणजे कोणाचेंहि मन क्षणभर निवतें. दुरून डोंगर साजरे ही म्हण त्या वेळीं कोणास आठवत नाहीं. परंतु चित्रांतील तो शेतकरी आपल्याकडे वळला असता तर त्याचा चेहरा कसा दिसला असता, आणि त्यानें आपणांस काय विचारलें असतें, हा विचार सुज्ञ वाचकांनीं एकदां तरी करून पाहण्याजोगा आहे. खेड्यापाड्यांतील जीवनाचीं छायाचित्रें आज जगाच्या सर्व भागांत घेतलीं जातात. ह्या कलेंत काय साधतें आणि काय निसटतें, हें समजून घेण्यास अमेरिकेंत १९३५ सालीं सुरू झालेला एक मोठा उपक्रम फार उद्बोधक आहे.

प्रथम तिकडील त्या वेळची परिस्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. ओक्लाहोमा, कॅन्सस, टेक्सास, कोलोरॅडो ह्या राज्यांतील विस्तीर्ण माळरानांवर पूर्वीं चिवट गवत असे आणि त्याच्या मुळ्यांनीं माती घट्ट धरून ठेविलेली असे. पहिल्या महायुद्धांत गव्हाला चढा भाव आला, तेव्हां लोकांनीं तें गवत नांगरून टाकून लक्षावधि एकर जमीन गव्हाखालीं आणली. पुढें १९२९ पासून व्यापाराची मंदी आली आणि तिच्या पाठोपाठ अवर्षण आलें. उघडी पडलेली माती वाऱ्याबरोबर उडूं लागली. १४ एप्रिल १९३५ हा दिवस तिकडे ‘काळा रविवार’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्या दिवशीं धुळीची प्रचंड भिंत माळरानावरून चाल करून आली आणि भर दिवसां काळोख पडला. कर्जानें आणि धुळीनें गांजलेलीं हजारों कुटुंबें जुन्यापान्या मोटारींत चंबूगबाळें भरून कॅलिफोर्नियाच्या वाटेला लागलीं.

त्याच वर्षीं अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनीं शेतकऱ्यांच्या पुनर्वसनासाठीं एक नवें खातें स्थापिलें. १९३७ पासून तें ‘फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन’ ह्या नांवानें चालूं लागलें. खेड्यांतील हालांची शहरवासीयांस कल्पना यावी आणि सरकारी मदतीस लोकमताचा पाठिंबा मिळावा, म्हणून त्यांत छायाचित्रांचा एक विभाग काढण्यांत आला. त्याचे प्रमुख रॉय स्ट्रायकर हे स्वतः छायाचित्रकार नव्हते. ते कोलंबिया विद्यापीठांत अर्थशास्त्र शिकवीत असत. त्यांचे सहकारी कार्ल मायडन्स हे एकदां कापसाच्या शेतीचीं चित्रें घेण्यास दक्षिणेकडे निघाले होते. कापसाविषयीं तुम्हांस काय ठाऊक आहे, असें स्ट्रायकरांनीं त्यांना विचारलें. फारसें कांहीं नाहीं, असें उत्तर मिळतांच त्यांनीं मायडन्सचा प्रवास रहित करविला आणि त्या दिवशीं रात्रीं उशिरापर्यंत ते त्यांना कापसाविषयींच सांगत बसले! ज्याला पीक ठाऊक नाहीं त्याला शेताचें चित्र घेतां येत नाहीं, हा त्यांचा दंडक आजहि लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

इतकी दक्षता घेऊनहि वाद टळला नाहीं. मे १९३६ मध्यें आर्थर रॉथस्टीन ह्या तरुण छायाचित्रकारास दक्षिण डकोटांत भेगाळलेल्या जमिनीवर एका बैलाची पांढरी फटक कवटी दिसली. छायाप्रकाशाचे निरनिराळे परिणाम साधावे म्हणून त्यांनीं ती सुमारें दहा फूट इकडेतिकडे हालवून कांहीं चित्रें घेतलीं. पुढें अध्यक्षीय निवडणुकीच्या धामधुमींत, ऑगस्टमध्यें, विरोधी पक्षाच्या वृत्तपत्रांना ही गोष्ट कळली. सरकार कवटी घेऊन हिंडतें आणि दुष्काळाचा देखावा उभा करतें, असा त्यांनीं एकच गिल्ला केला. वास्तविक दुष्काळ खरा होता, गुरें खरोखर मरत होतीं; परंतु हालविलेल्या कवटीनें न हालविलेल्या सर्व चित्रांवर संशयाची छाया पाडली. दहा फुटांचें अंतर तें किती! पण साक्षीदारानें एक शब्द पदरचा घातला तर त्याच्या उरलेल्या खऱ्या साक्षीचेंहि मोल उतरतें, तसाच हा प्रकार झाला.

दुसरें उदाहरण याहून अधिक विचार करावयास लावणारें आहे. डोरोथिया लँग ह्या बाईंना लहानपणीं पोलिओ होऊन एका पायानें कायमचें लंगडेपण आलें होतें. सॅन फ्रान्सिस्कोंत श्रीमंतांचीं छायाचित्रें काढण्याचा त्यांचा व्यवसाय चांगला चालला होता. मंदीच्या काळांत तो सोडून त्या रस्त्यावरील बेकारांकडे आणि स्थलांतर करणाऱ्या शेतमजुरांकडे वळल्या. मार्च १९३६ मध्यें एका दीर्घ दौऱ्यावरून भर पावसांत घरीं परतत असतां निपोमो गांवाजवळ वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी त्यांना दिसली. त्या पुढें निघून गेल्या. परंतु मन स्वस्थ बसूं देईना, म्हणून वीस मैलांवरून त्यांनीं मोटार माघारी फिरविली. थंडीनें वाटाण्याचें पीक नासलें होतें आणि हजारों मजूर हाताला काम नाहीं, पोटाला अन्न नाहीं अशा स्थितींत अडकून पडले होते. तेथें एका फाटक्या राहुटीखालीं एक बत्तीस वर्षांची बाई, तान्हें मूल मांडीवर घेऊन, दोन्ही खांद्यांवर तोंड लपविलेलीं मुलें, हात हनुवटीशीं, नजर कोठेंतरी दूर, अशी बसली होती. लँगबाईंनीं मोजकीं चित्रें घेतलीं. त्यांतील एक ‘स्थलांतरित माता’ ह्या नांवानें जगभर गेलें.

वृत्तपत्रांत हीं चित्रें येतांच सरकारनें त्या तळावर वीस हजार पौंड धान्यसामग्री पाठविली. छायाचित्रानें उपाशी माणसांच्या तोंडीं घांस घातला, असें म्हणावयास मुळींच हरकत नाहीं. परंतु ती सामग्री पोंचली तेव्हां ती माता आणि तिचीं मुलें तेथून पुढच्या कामाच्या शोधांत केव्हांच निघून गेलीं होतीं! लँगबाईंनीं तिचें नांव विचारलें नव्हतें. तिनें मोटारीचे टायर विकून अन्न घेतलें, असें टांचणांत लिहिलें गेलें. तिच्या मुलांनीं पुढें तें साफ नाकारलें. बेचाळीस वर्षांनीं, १९७८ सालीं, त्या बाईंनीं आपली ओळख प्रकट केली. ह्या चित्रापासून आपणांस एक पैहि मिळाली नाहीं, ही त्यांची तक्रार होती. सरकारी नोकरींत असल्यामुळें लँगबाईंनाहि त्यावर मानधन मिळत नव्हतें, हें खरें. परंतु त्यांना कीर्ति तरी लाभली. १९८३ सालीं ती माता मरणोन्मुख असतां मुलांनीं मदतीची हांक दिली, तेव्हां सुमारें पस्तीस हजार डॉलर गोळा झाले. ज्यांनीं केवळ तें चित्र पाहिलें होतें अशा अनोळखी माणसांनीं तें ऋण फेडलें, पण किती उशिरां!

ह्या उपक्रमांतील सुमारें पावणेदोन लाख निगेटिव्ह आज वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्यें जतन केलेल्या आहेत. जमीन कशी उजाड होते आणि माणूस तिच्यासह कसा उखडला जातो, ह्याचा इतका मोठा पुरावा दुसरीकडे क्वचितच सांपडेल. त्या छायाचित्रकारांचे उपकार मोठे आहेत. तरीहि त्यांच्या चुका आपणांस जवळच्या वाटतात, कारण त्या वाईट माणसांच्या नाहींत. घाईंत असलेल्या चांगल्या माणसांच्या आहेत.

आतां तर प्रत्येकाच्या खिशांतील मोबाईलमध्येंच कॅमेरा असतो. आपल्या घरांतील मुलें सुट्टींत गांवीं गेलीं म्हणजे भातलावणीचीं, खळ्याचीं, गुरांचीं चित्रें हौसेनें घेतात. घेऊं द्यावींत. परंतु त्यांना इतकें शिकवावें कीं, चिखलांत वांकलेल्या बाईला आधीं विचारावें, तिचें नांव लिहून घ्यावें, पिकाची माहिती करून घ्यावी, आणि चित्राची एक प्रत तिच्या घरीं पोंचती करावी. ह्यांत खर्च तो काय?

आणि वडीलधाऱ्यांनीं एक गोष्ट स्वतः करावी. पुष्कळ घरांत जुन्या छायाचित्रांचा संग्रह असतो. आजोबा, आत्या, काका, सर्वांचीं नांवें सालासह मागें लिहिलेलीं असतात; पण कोपऱ्यांत बैलाची वेसण धरून उभा असलेल्या गड्याचें नांव तेथें बहुधा नसतें. त्याच्या कष्टांवर आपलीं कोठारें भरलीं. तें नांव आठवणारें एखादें माणूस घरांत अजून असेल, तर आज संध्याकाळींच त्यांना विचारावें आणि चित्रामागें लिहून ठेवावें.