प्रवाळाआधी तरणतलाव

नवी मुंबईतल्या सीवूड्सच्या खाडीत फ्लेमिंगो येतात, पण ते गढूळ पाणी डायव्हिंगचं नव्हे. इथले हौशी लोक स्कूबासाठी मालवण गाठतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे आणि १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्यही आहे. पाण्यात अधांतरी स्थिर राहण्याचे पहिले धडे मात्र तिथे गिरवू नयेत.

उथळ पाणी सोपं वाटतं, पण तोल खरा तिथेच बिघडतो. पृष्ठभागापासून १० मीटर खाली जाताना तरंगण्यासाठी घातलेल्या जॅकेटमधली हवा दाबाने निम्म्यावर येते. पुढच्या १० मीटरांत फरक कमी पडतो. त्यात श्वास भरला की माणूस वर, सोडला की खाली. नवखा घाबरून पाय झाडतो. फिनच्या फटक्याने प्रवाळ मोडतो, उडालेली वाळू त्याच्यावर बसते.

म्हणून आधी तरणतलाव. मालवणजवळच्या तारकर्लीला एमटीडीसीच्या स्कूबा केंद्रात तो आहे. नंतर प्रवाळापासून दूर, निव्वळ वाळूचा तळ. खारं पाणी सुमारे अडीच टक्के जड असल्याने तलावात जमलेलं कमरपट्ट्याचं वजन समुद्रात कमी पडतं, तेव्हा ते पुन्हा तपासायचंच. बुकिंग करताना दराबरोबर हेही विचारा: तलावात सराव किती वेळ देणार?