शंखातला भाडेकरू

समुद्रावर गेलात की खिसे भरून शंख आणता ना? मीही आणायचो. चौथीत असताना गुहागरच्या किनाऱ्यावरून आणलेले शंख मी दप्तरात ठेवले. रात्री दप्तरात खुडखुड सुरू झाली. आई म्हणाली, “उंदीर असेल.” सकाळी बघतो तर एका शंखातून इवलासा खेकडा अर्धा बाहेर आलेला. मेलेला!

या खेकड्याचं पोट मऊ असतं, त्यावर कवच नसतं. म्हणून तो रिकामा शंख शोधून त्यात राहतो. अंग वाढलं की मोठा शंख शोधतो. म्हणजे आपण उचललेला रिकामा शंखसुद्धा कुणाचं तरी उद्याचं घर! तेव्हापासून मी शंख आणत नाही, फोटो आणतो. त्यासाठी आई-बाबांचा मोबाईलही पुरतो.

जायचं ओहोटीला. ती कधी? कोकणातला जुना हिशेब सांगतो. तिथीला पाऊणने गुणा, की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला ४ गुणिले पाऊण, म्हणजे ३ वाजता भरती. त्यानंतर सुमारे सहा तासांनी, ९ वाजता ओहोटी. आहे की नाही गंमत?

ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची रांगोळी दिसेल. वाळूतलं खाणं चाळून घेऊन छोट्या खेकड्यांनी टाकलेल्या त्या गोळ्या! खाडीच्या चिखलात एकच नांगी भलीमोठी असलेला खेकडा दिसेल. तो नर. नांगी हलवून तो मादीला बोलावतो. तुम्ही जवळ गेलात की सगळे बिळात गडप! मग काय करायचं? बिळापासून थोडं लांब, मांडी घालून, गप्प बसायचं. आपली सावली बिळावर पडू द्यायची नाही. पाच-दहा मिनिटांत डोळे वर येतात. कॅमेरा खेकड्याच्या डोळ्यांइतका खाली धरा आणि टिपा फोटो!

समुद्र लांब आहे? मग पावसाळ्यात ओढ्याकाठी मुठे शोधा. समुद्रातल्या खेकड्यांची पिल्लं आधी पाण्यात तरंगत वाढतात. मुठ्याच्या अंड्यातून मात्र थेट चिमुकला खेकडाच निघतो आणि काही दिवस आईच्या पोटाखाली बिलगून राहतो. अशी आई दिसली तर तिला हात लावू नका. दगड उलटला असेल तर होता तसा ठेवा, ते कुणाचं तरी छप्पर असतं.

फोटोखाली जागा आणि तारीख जरूर लिहा. २०१६ साली महाराष्ट्रातल्या सह्याद्रीतून गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या पाच नव्या जातींची नोंद झाली. अजून किती लपल्या असतील, कुणी सांगावं!

मात्र एकट्याने जायचं नाही. भरतीची वेळ लक्षात ठेवायची. ओढ्याचं पाणी गढूळ होऊन वाढू लागलं की लगेच वर यायचं. पालकहो, या सुट्टीत जाल ना मुलांबरोबर? खिसे रिकामेच राहतील, पण घरी सांगायला पुष्कळ असेल.