इराणचे राजवाडे : वेशीवर चढलेला महाल

मागच्या भागात आपण काझवीनपर्यंत आलो होतो. 1598 मध्ये पहिल्या शाह अब्बासने सफवी राजधानी तिथून हलवून इस्फहानला नेली आणि जुन्या शहराला लागून एक अफाट मैदान आखलं. तेच नक्श-ए-जहान. लांबी सुमारे 560 मीटर, रुंदी 160 मीटर. उत्तरेला मोठ्या बाजाराचा दरवाजा, दक्षिणेला शाही मशीद, पूर्वेला शेख लुत्फुल्लाची मशीद आणि तिच्या बरोबर समोर, पश्चिमेला, आली कापू.

आली कापूला आपण महाल म्हणतो, पण तो मुळात राजवाड्याचा दरवाजा. शाहच्या बागा आणि त्यांतले महाल याच्या मागच्या बाजूला पसरलेले होते. तिकडे जायची वाट या कमानीखालून. एकदा हे ध्यानात आलं की इमारतीची घडण उलगडू लागते. ती एका आराखड्यातून उभी राहिलेली नाही. आधी एक आटोपशीर द्वारइमारत होती. दरबाराच्या गरजा वाढल्या तसे तिच्यावर मजले चढले. आज ते सहा आहेत. वर जायला अरुंद, गोल फिरत जाणारे जिने आहेत.

या दरवाजाच्या उंबरठ्याचा मान मोठा होता. सतराव्या शतकात इस्फहानमध्ये राहिलेला फ्रेंच जवाहिऱ्या ज्याँ शार्दां याने तो नोंदवून ठेवला आहे. उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, तो ओलांडून जायचा. कर्जात बुडालेला किंवा गुन्हा करून पळालेला माणूस इथे येऊन बसला की त्याला आसरा मिळे, आणि शाहच्या हुकमाशिवाय त्याला कोणी बाहेर ओढू शकत नसे. उंबरठ्याचं पावित्र्य आपल्याला नवं नाही. इथे ते थेट राजसत्तेच्या दाराशी जोडलं गेलं होतं.

मैदानातून पाहिलं की आधी नजरेत भरतो तो तालार, म्हणजे खांबांवर तोललेला उघडा सज्जा. तो मागाहून, 1640 च्या दशकात, दुसऱ्या शाह अब्बासच्या काळात जोडला गेला. अठरा सडपातळ लाकडी खांब आणि त्यांवर सपाट लाकडी छत. विटांची इमारत आधीच उभी असताना तिच्या डोक्यावर आणखी घुमट आणि कमानी चढवणं भिंतींना जड गेलं असतं. लाकडाने ते ओझं टळलं आणि तिन्ही बाजू वाऱ्याला मोकळ्या राहिल्या. मध्यभागी तांब्याच्या पत्र्याने मढवलेला हौद आहे. कोरड्या हवेच्या शहरात इतक्या उंचीवर पाणी चढवून कारंजी उडवणं ही चैन होती, आणि परदेशी वकिलांना ती मुद्दाम दाखवायची असे. इथे बसून शाह खाली चाललेला चौगानचा, म्हणजे घोड्यावरून खेळायच्या पोलोचा, खेळ पाही. त्या खेळाचे दगडी गोलखांब मैदानाच्या दोन्ही टोकांना अजून उभे आहेत.

माझ्या मते मात्र आली कापूचं सर्वस्व अगदी वरच्या मजल्यावर आहे. तिथल्या दालनाला संगीताची खोली म्हणतात. भिंतींचा वरचा भाग आणि छत सगळं गचाचं, म्हणजे गिलाव्याचं, आणि त्यात सुरया, पेले, वाडगे, लांब मानेच्या बाटल्या यांचे आकार आरपार कोरून काढलेले. जवळून पाहावं तर गचाचा थर किती पातळ आहे ते कडेवरून कळतं. हा थर विटांच्या छताला चिकटलेला नाही. मध्ये पोकळी सोडून आतून दुसरं कवच उभारलं आहे, कणकेच्या पारीइतकं नाजूक.

असे कोनाडे अर्दबीलच्या दर्ग्यातल्या चिनीखान्यातही आहेत. पहिल्या शाह अब्बासने 1611 मध्ये तिथे हजाराहून जास्त चिनी मातीची भांडी अर्पण केली, आणि ती त्या कोनाड्यांत ठेवलेली असत. आली कापूत डोक्यावरच्या छतात भांडी कशी राहणार? इथे कारागिराने भांडं वगळून त्याची आकृती तेवढी ठेवली आहे. सजावट म्हणून ती देखणी आहेच, शिवाय आवाजासाठी उपयोगाची. गुळगुळीत घुमटाखाली गाणं घुमतं, एक सूर दुसऱ्यावर चढतो. इथे ध्वनी त्या छिद्रांतून मागच्या पोकळीत शिरतो, विखुरतो, आणि घुमणं कमी होतं. वादक निघून गेल्यावरही या भिंतींतून सूर ऐकू येत, अशी कथा सांगतात. ती ऐकायला गोड आहे, पण कारागिरांनी साधलं ते नेमकं उलट, आणि त्यांचं श्रेय त्यांना मिळायला हवं. सूर रेंगाळू नये, स्वच्छ यावा, यासाठी ही मेहनत होती.

1722 मध्ये अफगाण वेढ्यात इस्फहान पडलं आणि सफवींचं राज्य कोसळलं. पुढे काजार घराण्याने राजधानी तेहरानला नेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झिल-उस-सुलतान हा राजपुत्र इथला सुभेदार असताना शहरातल्या कितीतरी सफवी वास्तू पाडल्या गेल्या. आली कापू उभा राहिला, पण लाकूड कुजत गेलं, भिंतींवरची चित्रं झिजली, काही झाकली गेली.

1960 च्या दशकात इराणी पुरातत्त्व खात्याबरोबर एक इटालियन पथक कामाला लागलं. त्याचे प्रमुख वास्तुविशारद एउजेनिओ गाल्दिएरी. डागडुजीआधी त्यांनी इमारतीचा इतिहास तिच्याच भिंतींतून वाचून काढला : कुठला जोड कधीचा, कुठलं वजन कशावर. मजल्यांचा जो क्रम वर सांगितला, तो कळला तो मुख्यतः या अभ्यासामुळे. 1979 मध्ये नक्श-ए-जहान मैदान जागतिक वारसा यादीत गेलं. पुढच्याच वर्षी आली कापू, चेहेल सोतून आणि हश्त बेहेश्त या तीन महालांच्या जतनाला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

यांतल्या चेहेल सोतूनकडे पुढच्या आठवड्यात वळू. तिथल्या दरबारी दालनात एक मोठं भित्तिचित्र आहे : राज्य गमावून इराणच्या आश्रयाला आलेला मुघल बादशहा हुमायून सफवी शाह तहमास्पशेजारी बसला आहे.